अडाणी असल्याचा पुरावा

बटण दाबलं की लिफ्ट येते, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या कार्यालयात दोन दिवस काढून बघावेत. तळमजल्यावर आठ माणसं घंटी दाबून दाबून हैराण झालेली, आणि आमचे मास्टरजी चौथ्या मजल्यावर लिफ्टचं जाळीचं दार उघडं ठेवून स्वस्थ उभे. खालून कुणीतरी जिन्यात तोंड घालून ओरडायचं, "मास्टरजी, नीचे पब्लिक खड़ी है!" वरून शांत आवाजात उत्तर यायचं, "डिप्टी डायरेक्टर साहब चार मिनट में निकलेंगे." आणि चार मिनिटांनी डिप्टी डायरेक्टर खरोखरच खोलीतून बाहेर पडायचे, समोर उघडी लिफ्ट पाहून दचकायचे, आणि आपल्यावर कुणी पाळत ठेवलीय की काय अशा चेहऱ्याने आत शिरायचे.

मास्टरजी आमचे लिफ्टमन. कागदोपत्री शिक्षण बारावी पास. खरं शिक्षण एमएस्सी आणि त्यावर संख्याशास्त्रातली पीएचडी. ही गोष्ट गेटवरच्या गार्डपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होती. फक्त फायलीला माहीत नव्हती, आणि फायलीला जे माहीत नसतं ते आमच्याकडे कुणालाच माहीत नसतं.

त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. पुढे जी चौकशी झाली तिच्या कागदांवर ते इतक्या वेळा आलंय, की आता त्याला जरा विश्रांती मिळू दे. सगळे मास्टरजी म्हणत, मी काका म्हणत असे. माणूस मूळ ग्वाल्हेरकडच्या मराठी घरातला, शिकायला दिल्लीत आलेला. बाहेर हिंदी, पण लिफ्टमध्ये आम्ही दोघंच असलो की मला 'ताई' म्हणून शुद्ध मराठीत बोलायचे. माझ्या पोरीपेक्षा त्यांचं मराठी चांगलं होतं. ती दिल्लीतल्या द्वारकेत जन्मली, तिला 'सांडशी' म्हणजे काय हे अजून हिंदीत सांगावं लागतं.

आमचं मंडळ खोक्यांचे दर्जे ठरवतं. सफरचंदाच्या पेटीची फळी किती जाड हवी, तिला खिळे किती, कांद्याच्या पोत्याची वीण कशी. हे सांगितल्यावर लोक हसतात, म्हणून मी हल्ली नुसतं 'सरकारी नोकरी' एवढंच सांगते. कस्तुरबा गांधी मार्गाच्या मागे सहा मजल्यांची जुनी इमारत, पाचव्यावर आमचं प्रशासन, आणि सहाही मजल्यांना मिळून लिफ्ट एक.

काकांच्या कानावर पेन्सिल आणि हातात वही असायची. कोण किती वाजता कुठून कुठे गेलं, याच्या अठरा वर्षांच्या नोंदी त्यात होत्या. त्यावरून ते पुढचा माणूस कुठल्या मजल्यावर उगवणार हे काढायचे आणि आधीच तिथे जाऊन उभे राहायचे. घंटीला ते मानतच नसत. म्हणायचे, "माणूस चुकतो ताई, गर्दी चुकत नाही."

एकदा खुद्द डायरेक्टर लिफ्टमध्ये शिरले आणि म्हणाले, "छठा." काकांनी लिफ्ट दुसऱ्यावर नेऊन थांबवली. डायरेक्टर म्हणाले, "छठा बोला था." काका म्हणाले, "सर, मंगल को आप बोलते छठा हैं और उतरते दूसरे पर हैं." लिफ्टमध्ये आम्ही सहा माणसं होतो. सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे बघितलं. दुसऱ्या मजल्यावर काही भानगड वगैरे नव्हती. तिथल्या बाथरूमला पाणी जोरात यायचं, इतकंच. पण डायरेक्टरांचा चेहरा असा पडला की आठवडाभर लोक तर्क लढवत होते.

त्यांना हो किंवा नाही म्हणता येत नसे. "कसे आहात काका?" विचारलं की "सरासरीच्या आसपास." माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला बोलवायला गेले तर म्हणाले, "येईन, सत्तर टक्के." आले. अक्षता टाकल्या, पंगतीला बसले, मसालेभात झाला, पुऱ्या झाल्या, आणि श्रीखंड वाढायला आल्याबरोबर हात जोडून उठले. आई घाबरली. मुलीकडच्या माणसाने पानावरून उठावं म्हणजे काय? मी धावत मांडवाच्या दारापर्यंत गेले. काका चपला घालत होते. म्हणाले, "ताई, सत्तर टक्के सांगितलं होतं. तेवढं झालं." आईने त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही.

जास्त शिकलेला माणूस खालच्या खुर्चीवर बसला की त्याला काय होतं ते सगळे विचारतात. वरच्या खुर्च्यांना काय होतं ते कुणी विचारत नाही. आमच्याकडे एक अवर सचिव होते, बीए, तेही रडतखडत. लिफ्टवाला पीएचडी आहे हे कळल्या दिवसापासून त्यांनी लिफ्ट सोडली. पाच मजले जिन्याने चढायला लागले. सहा महिन्यांत त्यांची शुगर आटोक्यात आली, बीपी उतरलं. डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत? तर बिचाऱ्यांना सांगता येईना. दुसरे एक साहेब मात्र उगाच लिफ्टने वरखाली करायचे आणि काकांना एकेरीत हाक मारायचे. घरी बायको बोलली असावी.

काकांना काय होत होतं ते मला एकदाच कळलं. दुपारची वीज गेली आणि आम्ही दोघं तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकलो. पाऊण तास. माझा स्वभाव फटकळ, मी सरळ विचारलं, "काका, वाईट नाही वाटत?"

"वाटायचं," ते म्हणाले. "डिग्री मिळाल्यावर अकरा ठिकाणी मुलाखती दिल्या. कॉलेजात जागा नव्हत्या. बाकीचे म्हणायचे, आप तो बहुत पढ़े-लिखे हैं, टिकेंगे नहीं. अहो, मी टिकायलाच गेलो होतो! मग ही जाहिरात आली. बारावीपेक्षा जास्त शिकलेला नको असं स्पष्ट लिहिलं होतं. मी फॉर्म भरायला बसलो आणि बारावीवर थांबलो."

"लपवायची लाज वाटली?"

"लपवायची नाही वाटली. लपवल्याबरोबर नोकरी मिळाली, त्याची वाटली."

मग म्हणाले, "पहिली दोन वर्षं फार राग होता. कुणी तुच्छतेने बोललं की लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबवायचो. साहेब उतरताना अडखळायचे."

"पडले कुणी?"

"एकोणीस. मग कंटाळा आला. मला कंटाळा आला की मी मोजायला लागतो." वहीचा जन्म असा झाला होता.

ती वहीच त्यांच्या मुळावर आली. अठरा वर्षांच्या नोंदींवरून काकांनी एक शोधनिबंध लिहिला, 'सहा मजली इमारतीतील प्रवाशांचे वर्तन' अशा काहीशा नावाचा, आणि तो कुठल्याशा नियतकालिकात छापून आला. लेखकाचं नाव डॉक्टरसकट, आणि खाली पत्ता आमच्या मंडळाचा. मी नंतर कपाळावर हात मारून विचारलं, "काका, घरचा पत्ता द्यायचा ना!" तर म्हणाले, "काम लिफ्टमध्ये झालं. खोटा पत्ता कसा देऊ?"

पुढे काय व्हावं? ट्रकभर पेट्यांमधून तपासायला नेमक्या किती पेट्या उघडायच्या, हे ठरवायला मंडळाने एक समिती काढली. समितीला संख्याशास्त्राचा तज्ज्ञ हवा होता. एका विद्यापीठाला पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की या विषयाचे जाणकार देशात फार नाहीत, पण आपण निश्चिंत असावं, त्यातले एक आपल्याच इमारतीत बसतात.

डायरेक्टर खूश झाले. तीन आठवडे ते सहाही मजल्यांवर हा डॉक्टर शोधत होते. मास्टरजींचं खरं नाव हजेरीपटापलीकडे कुणाच्या लक्षात नव्हतं, आणि ज्यांच्या लक्षात होतं ते गप्प बसले. शेवटी परिपत्रक निघालं: या नावाच्या अधिकाऱ्याने त्वरित संपर्क साधावा. आमच्याकडे परिपत्रक सगळ्यांच्या हातातून फिरतं, प्रत्येकाने 'वाचले' असं लिहून सही करायची. एकशे चार जणांनी वाचलं आणि इमानदारीत खोटं बोलून पुढे ढकललं. एकशे पाचवे काका. त्यांनी लिहिलं, 'वाचले. तो मीच.'

त्या एका ओळीतून दोन फायली निघाल्या. एक, सन्माननीय तज्ज्ञांना समितीवर निमंत्रण. दुसरी, नोकरी मिळवण्यासाठी आपली पात्रता लपवल्याबद्दल आरोपपत्र. दोन्ही फायली एकाच दिवशी माझ्या टेबलावर आल्या आणि दोन्ही पत्रं मीच पाठवली. एकात 'आदरणीय महोदय' होतं, दुसऱ्यात 'तुम्हाला याद्वारे कळविण्यात येते' होतं. पुष्पगुच्छ देण्याचा शेरा पहिल्या फायलीवर होता, तो मी चौकशीचा निकाल लागेपर्यंत स्थगित ठेवला.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण आरोप सिद्ध झाला तर काका बडतर्फ होणार होते. पेन्शनला चार वर्षं उरली होती. ती गेली असती. हिंदूराव इस्पितळाच्या उतारावरचं दोन खोल्यांचं क्वार्टर गेलं असतं आणि काकूंच्या हृदयाची औषधं ज्या कार्डावर मिळायची ते कार्डही. आणि आरोप सिद्ध करण्याचं काम, सादरकर्ता अधिकारी म्हणून, मंडळाने माझ्यावर सोपवलं.

मी क्वार्टरवर गेले. काकूंनी पोहे दिले, स्वतः खाल्ले नाहीत. म्हणाल्या, "गुरुवार धरलेत. माझा नवरा अडाणी ठरू दे, एवढंच मागते." मला हसू येईना आणि रडूही येईना.

काकांचा बचाव युनियनचे चौधरी करत होते, रोहतकचे, आवाज दोन मजले ऐकू जाणारा. चौकशी अधिकारी म्हणून एक निवृत्त साहेब बोलावले होते, नियमाच्या पुस्तकाला अंगठा लावल्याशिवाय पाणीही न पिणारे. पहिल्याच दिवशी चौधरी उभे राहिले. "साहब, नियम कहता है, कैंडिडेट की योग्यता बारहवीं से ज़्यादा न हो. ठीक है. पर ये डिग्री तो कागज़ है. कागज़ पढ़ा-लिखा है कि आदमी, ये तो देखना पड़ेगा जी!"

साहेबांनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. 'योग्यता' म्हणजे कागद असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी सादरकर्ता अधिकारी. मी तिथल्या तिथे आक्षेप घ्यायला हवा होता. घेतला नाही. माझ्या सोळा वर्षांच्या नोकरीतलं ते पहिलं पुण्य. आदेश निघाला की तज्ज्ञाकरवी आरोपीची परीक्षा घ्यावी. नापास झाला तर निर्दोष.

तज्ज्ञ मागवायला त्याच विद्यापीठाला लिहिलं. त्यांनी दोन नावं कळवली. पहिलं काकांचंच होतं. दुसरं एका प्राध्यापक बाईंचं, ते आम्ही निवडलं.

मग सुरू झाली नापास होण्याची तयारी. जेवणाच्या सुट्टीत अख्खं कार्यालय लिफ्टभोवती गोळा व्हायचं. मला तिथे थांबायला बंदी होती, म्हणून मी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर डबा घेऊन बसायचे.

चौधरी विचारायचे, "मास्टरजी, दो और दो?"

"सामान्यतः चार."

"मरवाओगे! बोलो, पता नहीं."

"पर पता तो है."

"अरे यार, पता है तो भी पता नहीं है!"

हे त्यांना जमेचना. चिडवून झालं, विनवून झालं. कँटीनवाल्याने त्यांना आपल्या दुकानातल्या मठ्ठ पोऱ्यासारखं तोंड उघडं ठेवायला शिकवून पाहिलं. काका प्रयत्न करायचे, पण तोंड उघडलं की त्यातून उत्तरच बाहेर पडायचं. ज्या माणसाने वीस वर्षांपूर्वी एका फॉर्मवर एक रकाना रिकामा ठेवला होता, त्याला आता चार शब्दांचं खोटं बोलता येत नव्हतं. परीक्षेला दोन दिवस उरले तेव्हा चौधरींनी युनियनच्या मंदिरात नारळ ठेवला.

आणि आदल्या सकाळी काका मला लिफ्टमध्ये भेटले तेच उजळलेला चेहरा घेऊन. "ताई, सापडलं! मला ठामपणे काय माहीत आहे? काहीच नाही. आमच्या शास्त्रात ठामपणे काही माहीतच नसतं. मी 'पक्का नहीं मालूम' म्हणेन. ते खरं आहे!" इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

परीक्षेच्या दिवशी त्या प्राध्यापक बाई आल्या त्या काकांच्याच लिफ्टमधून. काकांना निलंबित करायला हवं होतं, पण ती लिफ्ट दुसऱ्या कुणाच्या हातून हलत नसे. बाई असतील पस्तीसच्या, सुती साडी, पाठीला सॅक. त्यांना पाचव्यावर सोडून काकांनी जाळी लावली, कुलूप घातलं, आणि त्यांच्या मागोमाग येऊन आरोपीच्या खुर्चीत बसले. बाईंनी एकदा कागदावरचं नाव पाहिलं, एकदा खुर्चीतल्या माणसाकडे पाहिलं, आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"मैडम, बैठिए," चौकशी अधिकारी म्हणाले. "खड़ा इन्हें होना है."

काका उभे राहिले. बाई बसल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला. ट्रकमध्ये हजार पेट्या आहेत, किती उघडाल?

"पक्का नहीं कह सकता, मैडम."

"मालूम है या नहीं?" साहेबांनी विचारलं.

"पक्का नहीं मालूम."

स्टेनोने टाइप केलं, 'नहीं मालूम.' असे सहा प्रश्न झाले. सहाही वेळा काका खरं बोलले आणि सहाही वेळा नापास झाले. चौधरींनी टेबलाखालून मला अंगठा दाखवला. सातव्या प्रश्नाला बाईंनी सॅकमधून एक जाडजूड झेरॉक्सचं बाड काढलं, कोपरे दुमडलेलं, पानोपानी खुणा केलेलं. तिसरं प्रकरण उघडून त्यांनी ते काकांसमोर धरलं. "ये नतीजा... ये किसका है?"

काकांनी ते पान बराच वेळ वाचलं. त्यांच्याच पीएचडीचं, सात वर्षांचं काम होतं ते, मला त्यांनी एकदा सांगितलं होतं. मग म्हणाले, "पक्का नहीं कह सकता. मुझसे पहले भी किसी ने सोचा होगा."

"सर, मैंने सब कुछ इसी से सीखा है," बाई एकदम म्हणाल्या. "मेरी नौकरी इसी से..."

"मैडम," साहेब म्हणाले, "सवाल पूछिए."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, इतकी थोडी की नियमाच्या पुस्तकाला दिसू नये. चौधरींनी हात जोडले. बाईंनी बाड मिटलं, समोरचा कागद ओढला आणि लिहिलं, 'मेरी राय में इन्हें इस विषय की कोई जानकारी नहीं है.' एवढं एक वाक्य लिहायला त्यांना फार वेळ लागला. साहेबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. काका सुटले होते.

मग बाई निघाल्या. काकांच्या पुढ्यातून जाताना त्या थांबल्या, वाकल्या आणि त्यांनी काकांच्या पायांना हात लावला.

स्टेनो म्हणाला, "सर, ये भी लिखना है?"

चौकशी अधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "प्रेज़ेंटिंग ऑफिसर, सबूत में लेना है?" प्रश्न बरोबर होता. प्राध्यापक अडाण्याच्या पाया पडत नाहीत. हो म्हणणं हे माझं काम होतं, त्याचाच मला पगार मिळत होता.

"सर," मी म्हटलं, "मैडम का पेन गिर गया था."

"गिरा था? किसने देखा?"

"मैंने देखा जी!" प्रश्न संपायच्या आत चौधरी ओरडले.

साहेबांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि काकांना विचारलं, "आप बताइए. गिरा था?"

मी डोळे मिटले. आता हा माणूस 'पक्का नहीं मालूम' म्हणणार, आणि सगळं मातीत जाणार. मी डोळे उघडले तेव्हा काकांनी सदऱ्याच्या खिशातून स्वतःचं पेन काढून बाईंच्या पुढे धरलं होतं.

"मैडम, आपका पेन."

टक्के नाहीत, बहुधा नाही, सामान्यतः नाही. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी पेन घेतलं, पदराने तोंड पुसलं, आणि लिफ्टवाल्याशी सगळं जग जसं बोलतं तशा आवाजात त्या म्हणाल्या, "थैंक्यू, भैया."

"ये लिखो," साहेबांनी स्टेनोला सांगितलं. "एक्सपर्ट ने इन्हें भैया कहा." त्यांनी पुस्तक मिटलं आणि कागद सह्यांसाठी फिरवला. आधी बाईंनी सही केली आणि त्या गेल्या, मग चौधरींनी, मग मी. कागद काकांपुढे आला. त्यांनी खिसा चाचपला आणि माझ्याकडे हात केला.

"ताई, सहीपुरतं पेन देता का जरा?" ते म्हणाले. "माझ्याकडे नव्हतंच."

मी दिलं.